सरकारी वकील ते आमदार: आर्लेन स्पेक्टरचं उदाहरण घेऊन सोलापूरच्या एका वकील मित्राला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर कोर्टात नऊ वर्षं सरकारी बाजूने काम करणाऱ्या एका वकील मित्राला एका पक्षाने विधानसभेला उभं रहा म्हणून विचारलंय. स्वभावाने माणूस टोकाचा नाही, दोन्ही बाजू ऐकून बोलणारा. त्यांनी अमेरिकेतल्या आर्लेन स्पेक्टरबद्दल वाचलं, आधी सरकारी वकील मग तीस वर्षं सिनेटर, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाचा सदस्य, दोन्ही पक्षात राहिलेला, आणि विचारलंय की असं करिअर आपल्याकडं होऊ शकतं का आणि करावं का.

मी स्वतः ह्याच कोर्टात एकतीस वर्षं वकिली केली, त्यातली अकरा सेशन्स कोर्टात सरकारच्या बाजूने, त्यामुळे ह्या प्रश्नावर माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे, जरा लांबेल, चहा घेऊन वाचा.

पहिली गोष्ट, स्पेक्टर ज्या पदावरून आला ते पदच आपल्याकडे नाही. फिलाडेल्फियात डिस्ट्रिक्ट अटर्नी लोकांच्या मतांनी निवडून येतो, पक्षाच्या तिकिटावर. म्हणजे तिथं सरकारी वकील हा पहिल्या दिवसापासून राजकारणी असतोच. स्पेक्टर त्याच ऑफिसात असिस्टंट होता, जेम्स क्रमलिश नावाच्या साहेबाच्या हाताखाली, १९६३ मध्ये टीमस्टर्स ह्या ट्रकवाल्यांच्या बलाढ्य युनियनच्या तिथल्या पुढाऱ्यांवर केस चालवून त्याने नाव कमावलं, मग १९६४ मध्ये केनेडी खुनाच्या वॉरन कमिशनवर ज्युनियर वकील म्हणून गेला. एकच गोळी केनेडीच्या मानेतून जाऊन पुढे बसलेल्या गव्हर्नर कोनलीला लागली ही जी प्रसिद्ध थिअरी आहे ती मुख्यतः ह्याने मांडलेली. आणि १९६५ मध्ये परत येऊन आपल्याच जुन्या साहेबाच्या विरोधात उभा राहिला, स्वतः रजिस्टर्ड डेमोक्रॅट असून रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटावर, आणि जिंकला. पक्ष बदलण्याची गोष्ट २००९ ची म्हणून सगळे सांगतात पण खरी सुरुवात इथं आहे, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आपल्याकडे कसं आहे? तुम्हाला माहीत आहे पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मॅजिस्ट्रेट कोर्टात जे सहायक सरकारी अभियोक्ता असतात ते परीक्षा देऊन आलेले पगारी सरकारी नोकर, त्यांना नोकरीत राहून राजकारण करताच येत नाही. सेशन्स कोर्टातले आपल्यासारखे पॅनलवरचे. जिल्हाधिकारी सेशन्स जज साहेबांशी सल्लामसलत करून नावांचं पॅनल काढतात, किमान सात वर्षं प्रॅक्टिस लागते, आणि शासन नेमणूक करतं. आधी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम २४ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८. कागदावर सगळं स्वच्छ आहे. प्रत्यक्षात सरकार बदललं की पॅनल बदलतं हे बाररूममधल्या खुर्च्यांनासुद्धा माहीत आहे. म्हणजे तिकडचा वकील मतदारांना उत्तर देतो आणि आपला नेमणूक करणाऱ्याला.

हे मी ऐकीव सांगत नाही. आंदोलनांचे गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय निघतात, जीवितहानी नसावी, मालमत्तेचं नुकसान ठराविक रकमेच्या आत असावं वगैरे अटी असतात, आणि मग फाईल आपल्या टेबलावर येते, कारण कायद्याने केस मागे घ्यायचा अर्ज सरकारी वकिलानेच द्यायचा असतो, जुनं कलम ३२१, नवं ३६०, आणि कोर्टाची परवानगी लागते. माझ्याकडे अशी एक फाईल आली. घेऊन आलेला माणूस खुर्चीत बसला, चहा मागवला, म्हणाला, "साहेब, वरून सगळं झालंय, तुमची फक्त सही." मी म्हटलं ठेवा, वाचून सांगतो. रात्री घरी वाचली. यादीत रास्ता रोको, बस अडवली, घोषणा दिल्या एवढंच होतं. पण चार्जशीटच्या मागच्या पानांत सिव्हिल हॉस्पिटलचं जखमेचं सर्टिफिकेट होतं, एसटीच्या ड्रायव्हरचं, काच फुटून डाव्या डोळ्याला इजा, पुढं दृष्टी किती राहील सांगता येत नाही असा शेरा. तो माणूस त्या यादीत कुठंच नव्हता. मी सही केली नाही, लेखी कारण दिलं, अडीच पानं. पुढच्या पॅनलला माझं नाव नव्हतं. कोणी काही बोललं नाही, कोणी रागावलंही नाही, नाव फक्त नव्हतं. सरकारी वकिलाने स्वतः विचार करून अर्ज द्यायचा, पोस्टमनसारखा नाही, हे सुप्रीम कोर्टाने कितीतरी वेळा सांगितलंय, आणि २०२१ मध्ये तर केरळ विधानसभेतल्या तोडफोडीची केस मागे घेऊ दिली नाही, त्याच वर्षी आमदार खासदारांवरच्या केसेस हायकोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत असंही सांगितलं. माझ्या वेळेला हा दुसरा आधार असता तर बरं झालं असतं.

तुम्ही म्हणता स्वभावाने टोकाचा नाही. आपल्याकडं मवाळ म्हटलं की लोकांना वाटतं गुळमुळीत, मनानं भित्रा. सरकारी वकिलाचं मवाळपण वेगळ्या जातीचं असतं. बार कौन्सिलच्या नियमातच लिहिलंय की सरकार पक्षातर्फे केस चालवणाऱ्याने निर्दोष माणसाला शिक्षा होणार नाही अशा रीतीने ती चालवावी. म्हणजे आपण पक्षकार नसतोच. रोज सकाळी आरोपीच्या बाजूचा कागदसुद्धा आपणच आधी वाचायचा. ही सवय एकदा अंगात मुरली की सभागृहात सुद्धा माणूस बिल हातात घेतलं की पहिल्यांदा पुरावा बघतो, घोषणा नंतर.

स्पेक्टरमध्ये ही सवय उत्तम दिसते ती दोन ठिकाणी. १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनने रॉबर्ट बोर्कला सुप्रीम कोर्टावर नेमायचं ठरवलं. स्पेक्टर त्याच्याच पक्षाचा. पण ज्युडिशिअरी कमिटीत, म्हणजे सिनेटच्या न्यायविषयक समितीत, बोर्कला त्याने संविधान कसं वाचायचं ह्यावर तासन्तास प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली, आणि शेवटी विरोधात मत दिलं. एकूण सहा रिपब्लिकन विरोधात गेले, नेमणूक ५८ विरुद्ध ४२ ने पडली. पक्षातल्या कट्टर लोकांनी ते शेवटपर्यंत विसरलं नाही.

दुसरं, १९९९ मधला राष्ट्राध्यक्ष क्लिंटनवरचा महाभियोग. तिथं दोनच उत्तरं, दोषी किंवा निर्दोष. स्पेक्टर उभा राहिला आणि स्कॉटलंडच्या कायद्यात तेव्हा असायचा तसा तिसरा निकाल सांगितला, सिद्ध झालं नाही, म्हणून दोषी नाही. तिथल्या पेपरांनी खूप चेष्टा केली. पण आपल्या कोर्टात बसणाऱ्या माणसाला त्यात चेष्टेचं काय वाटेल? आपण रोज दोन वेगळे निकाल ऐकतो, एक ससन्मान निर्दोष आणि दुसरा संशयाचा फायदा देऊन निर्दोष, आणि पोलीस भरतीला निघालेल्या पोराला विचारा ह्या दोन ओळींत किती अंतर आहे ते. स्पेक्टर तेच म्हणत होता. कमी साक्षीदार, अर्धवट ट्रायल, मी ह्याला निर्दोष म्हणणार नाही पण दोषीही म्हणता येत नाही. मला त्याच्या सगळ्या करिअरमधलं हे मत सगळ्यात वकिलासारखं वाटतं.

आता वाईट बाजू, आणि इथं मी थांबून बोलणार आहे कारण आपल्या पेशातल्या माणसाला हाच धोका सगळ्यात मोठा.

१९९१ चा ऑक्टोबर. क्लॅरेन्स थॉमसची सुप्रीम कोर्टावरची नेमणूक, आणि अनिटा हिल ही कायद्याची प्राध्यापिका साक्ष द्यायला आली, की त्यांच्या हाताखाली काम करताना त्यांनी माझ्याशी लैंगिक स्वरूपाचं घाणेरडं बोलणं केलं. पक्षाने प्रश्न विचारायचं काम स्पेक्टरला दिलं, कारण काय, तर हा जुना प्रॉसिक्यूटर. आणि त्याने तिची उलटतपासणी घेतली, अगदी सेशन्स कोर्टात घेतात तशी, आधी काय म्हणालीस, आता काय म्हणतेस, वर्तमानपत्रात काय आलं, आणि शेवटी तिने चक्क खोटी साक्ष दिली असं म्हणून मोकळा झाला. सगळा देश टीव्हीवर बघत होता. ती आरोपी नव्हती. समोर ज्यूरी नव्हती. बाकी सगळे पुरुष, टेबलामागं रांगेने. थॉमस ५२ विरुद्ध ४८ ने पास झाले, पण पुढच्याच वर्षी स्पेक्टरच्या विरोधात लिन येकल नावाची बाई, जिने आधी कधी निवडणूक लढवली नव्हती, ती ह्याच एका मुद्द्यावर उभी राहिली आणि तो कसाबसा तीनेक टक्क्यांनी वाचला.

मला हे वाचताना दरवेळी आपल्याच कोर्टातली एक सकाळ आठवते. मारहाणीची केस, जखमी माणसाची बहीण साक्षीदार. पूर्व भागातली, विडी वळणारी, घरात तेलुगू, मराठी तोडकं. आरोपी त्याच चाळीतले. साहजिकच ती फितूर झाली. मी कोर्टाची परवानगी घेऊन तिची उलटतपासणी सुरू केली, पोलिसांसमोरचा जबाब वाचून दाखवला, जबाबातले खुणा केलेले भाग एकेक करून, पोर्शन मार्क ए, पोर्शन मार्क बी. ती प्रत्येकाला तेच वाक्य, "असं मी पोलिसांना सांगितलं नाही, त्यांनी तसं का लिहिलं मला सांगता येणार नाही." कोणीतरी पाठ करून घेतलेलं, आणि मराठीत, जे मराठी तिचं नव्हतंच. मी वाढत गेलो. भावाचं डोकं फुटलं ते पाहिलं का, रक्त पाहिलं का, दवाखान्यात कोण घेऊन गेलं. मधेच माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात, आणि अंगठा आणि पहिली दोन बोटं सारखी हलत होती, पान वळतात तशी, हातात पान नाही तंबाखू नाही, नुसती बोटं. मी तरी दोन प्रश्न विचारलेच. मग ती बोलायचीच थांबली. जज साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. रेकॉर्डवर मी काही चुकीचं केलं नव्हतं, विसंगती सगळ्या आल्या होत्या. पण त्या बाईला घाबरवणाऱ्यांच्या यादीत त्या दिवशी मी सुद्धा होतो.

म्हणून सांगतो, आपल्याला प्रश्न विचारण्याचं जे हत्यार मिळालंय ते कोर्टात न्यायाधीशाच्या नजरेखाली चालतं, कुठं थांबायचं ते सांगायला वर कोणीतरी बसलेलं असतं. सभागृहात आणि टीव्हीवर ते कोणी सांगत नाही, उलट टाळ्या पडतात. पक्ष तुम्हाला घेतोय तेच मुळी तुमची उलटतपासणी चांगली आहे म्हणून, आणि पहिल्याच महिन्यात एखाद्या बाईवर, एखाद्या ग्रामसेवकावर, एखाद्या आंदोलक पोरावर तुम्हाला सोडतील. तेव्हा नाही म्हणायची तयारी पाहिजे.

आणखी एक, थोडक्यात. सरकारी वकील आमदार झाला की शिक्षा वाढवायचे कायदे आणतो, हे जगभर होतं. स्पेक्टरने १९८४ मध्ये अट्टल गुन्हेगारांसाठी कायदा आणला, घरफोडी किंवा दरोड्याच्या तीन शिक्षा आधी झालेल्या माणसाकडे बंदूक सापडली की किमान पंधरा वर्षं. फिलाडेल्फियात तेच तेच लोक परत परत पकडून आणले जातात हे त्याने बघितलं होतं, त्यामुळे हेतू समजतो. पण १९८६ मध्ये त्याची व्याख्या पसरवली गेली, आणि त्यातला एक तुकडा इतका मोघम निघाला की २०१५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. आपल्याला आपल्या बोर्डावरचे, म्हणजे आपल्याकडे चालू असलेल्या केसेसमधले, आरोपी दिसतात, कायदा मात्र कधी न पाहिलेल्या माणसालाही लागतो.

आता पराभवांचं. १९६७ मध्ये महापौरपदाला पडला. १९७३ मध्ये स्वतःच्याच डिस्ट्रिक्ट अटर्नीच्या खुर्चीवरून पडला. १९७६ मध्ये सिनेटच्या पक्षांतर्गत निवडणुकीत जॉन हाइन्झकडून, १९७८ मध्ये गव्हर्नरच्या पक्षांतर्गत निवडणुकीत डिक थॉर्नबर्गकडून. अकरा वर्षांत चार मोठे पराभव आणि मग १९८० मध्ये सिनेटर. मध्यंतरी खाजगी वकिली करून पोट भरलं. तुमच्या घरात दोन मुलं शिकतायत असं तुम्ही लिहिलंय म्हणून हे मुद्दाम सांगतो, ज्याच्याकडे परत यायला चालू प्रॅक्टिस आहे तोच चार वेळा पडू शकतो. प्रॅक्टिस बंद करू नका. आमदार असताना वकिली करता येते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ते स्पष्ट केलंय.

मग मुख्य प्रश्न, मध्यम मार्गाचा माणूस तिथं तीस वर्षं टिकला तो कसा आणि शेवटी का पडला. टिकला कारण तिथं पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून सदस्यत्व जात नाही. पडला कारण तिथं तिकीट पक्षाचे मतदार ठरवतात आणि ते मतदार हळूहळू कट्टर होत गेले. २००४ मध्ये पॅट टूमीने त्याला पक्षातच जवळपास पाडलं, ५१-४९. त्याच्या पुढच्या वर्षी कॅन्सर, केमो घेत घेत ज्युडिशिअरी कमिटीचं अध्यक्षपद चालवलं, आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश म्हणून नाव पुढे आलेल्या जॉन रॉबर्ट्स ह्यांच्या सुनावण्या घेतल्या. २००९ मध्ये ओबामाच्या आर्थिक पॅकेजला मत देणाऱ्या फक्त तीन रिपब्लिकन सिनेटरांत तो एक होता, आणि त्या मताच्या बदल्यात वैद्यकीय संशोधनासाठी दहा अब्ज डॉलर काढून घेतले, जे मला फार मोठं काम वाटतं. पण त्यानंतर पक्षात तिकीट मिळणार नाही हे दिसलं, आणि २८ एप्रिल २००९ ला तो डेमोक्रॅट झाला. कारण सांगताना, पक्ष बदलल्यामुळे मी परत निवडून येऊ शकेन असं स्वतःच्या तोंडाने बोलून गेला. जो सेस्टॅक नावाच्या प्रतिस्पर्ध्याने २०१० मध्ये तेवढंच वाक्य जाहिरातीत परत परत दाखवलं आणि नव्या पक्षातच त्याला हरवलं. नोव्हेंबरमध्ये ती सीट टूमीकडे गेली. १४ ऑक्टोबर २०१२ ला स्पेक्टर वारला, ८२ व्या वर्षी.

मला वाटतं बोर्कच्या वेळेला किंवा क्लिंटनच्या वेळेला त्याने पक्ष बदलला असता तर लोकांनी कारण मान्य केलं असतं. त्याने बदलला तो स्वतःच्या तिकिटासाठी, आणि तीस वर्षांच्या पुराव्यापेक्षा ते एक वाक्य जड झालं.

आपल्याकडं ह्याच्या बरोबर उलटं आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा आला, व्हिप म्हणजे पक्षाचा आदेश मोडून मत दिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही तर आमदारकी जाऊ शकते. म्हणजे स्पेक्टरने बोर्कला केलं तसं एक एकट्याचं मत तुम्हाला देता येणार नाही. पण दोन तृतीयांश लोक मिळून निघाले तर वाट असते, आणि २०२२ नंतर महाराष्ट्रात काय काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. एकट्या माणसाचा विवेक अडकतो आणि घोळक्याने गेलेले सुटतात, ही आपल्या कायद्याची मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट आहे.

तरी जागा उरते. व्हिप मतदानाला असतो, भाषणाला सहसा नसतो. समितीच्या बैठकीत, बिलाच्या कलमात दुरुस्ती सुचवण्यात, लक्षवेधीत, तारांकित प्रश्नात तुमची फाईल वाचायची सवय सोन्यासारखी उपयोगी पडेल. आपल्याच जिल्ह्यात सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, तेही कायदा शिकलेले, आयुष्यभर एकच पक्ष, शेकाप, सत्ता बहुतेक काळ दुसऱ्यांची, एसटीने प्रवास करणारा माणूस. १९७२ ला आणि १९९५ ला पडले सुद्धा, पण परत लोकांनी निवडून दिलं. पाण्यावर बोलायला उभे राहिले की सत्ताधारी बाक सुद्धा ऐकायचे. स्पेक्टरचं वाचलंत तसं गणपतरावांची विधानसभेतली भाषणं काढून वाचा, तुम्हाला ते जास्त जवळचं पडेल. आणि नाव मोठं असलं की मतं मिळतात असंही समजू नका, उज्ज्वल निकम साहेबांसारखा घराघरात माहीत असलेला सरकारी वकील २०२४ मध्ये मुंबईतून लोकसभेला पडला, पुढं राष्ट्रपतींनी राज्यसभेवर नेमलं ते वेगळं.

तर माझं उत्तर, उभे रहा, पण पक्षाशी आधी दोन गोष्टी तोंडावर बोलून घ्या. एक, साक्षीदारासारखा कोणी सामान्य माणूस समोर असेल तर त्याच्यावर मला सोडायचं नाही. दोन, खटले मागे घ्यायच्या कुठल्याही यादीसाठी माझी शिफारस मागायची नाही. ह्याला हो म्हणणारा पक्ष मिळाला नाही तर अजून पाच वर्षं थांबा, तुमचं वय आहे.

आणि कागदाचं. संविधानाच्या कलम १९१ प्रमाणे लाभाचं पद, म्हणजे सरकारकडून आर्थिक फायदा मिळणारं पद, असेल तर आमदारकी रद्द होते. राजस्थानातल्या कांता कथुरिया ह्या वकील बाई एका लवादाच्या केसपुरत्या विशेष सरकारी वकील होत्या, निवडून आल्या, हायकोर्टाने निवडणूक रद्द केली, मग सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्ये ते लाभाचं पद नाही म्हणून वाचवलं, आणि ते सुद्धा न्यायाधीशांत एकमत नव्हतं, मधल्या काळात राजस्थान विधानसभेने कायदाही केला होता. एका केसच्या नेमणुकीवर एवढं रामायण झालं, तुमच्याकडे तर सेशन्सचं सगळं बोर्ड आहे. नुसता राजीनामा पाठवून फॉर्म भरू नका. राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र, जावक क्रमांक आणि तारखेसकट, छाननीच्या आधी हातात पाहिजे, त्याच्या तीन झेरॉक्स काढा, आणि तुमच्या बोर्डावरच्या प्रत्येक केसची फाईल पुढच्या वकिलाला यादी करून, सही घेऊन द्या, विशेषतः ज्यात साक्षीदार अजून तपासायचे राहिलेत त्या.